मुलगा म्हणतो, डिफेन्सिव्ह लाइनमनच होणार

पत्र

ताई, नमस्कार.

आम्ही टेक्सासमध्ये, डॅलसजवळ राहतो. मुलगा सोळा वर्षांचा आहे, अकरावीत. उंची सहा फूट दोन इंच, वजन 255 पौंड, म्हणजे जवळजवळ 116 किलो. आठवीपर्यंत तबला वाजवायचा. नववीत शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या कोचनी त्याला जिन्यात पाहिलं आणि बोलावून घेतलं. आता तो डिफेन्सिव्ह टॅकल खेळतो, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीत (डिफेन्सिव्ह लाइनमध्ये) मधे. यंदा विद्यापीठांची पत्रं यायला लागली आणि एका लहान विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊ केली. कोच म्हणतात, कॉलेजला जाण्याआधी वजन 280 पौंडांवर ने. मुलगा म्हणतो, मी एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, जाणार, माझ्याशी इंजिनिअरिंगचं बोलू नका. त्याचे बाबा म्हणतात, हे सगळं आता बंद. दोन महिने बापलेक धड बोलत नाहीत. यांना बेचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला. सासरे चोपन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. म्हणून त्या 280 च्या आकड्याची मला धास्ती वाटते.

एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. ऑक्टोबरमध्ये शुक्रवारच्या सामन्याहून घरी आल्यावर त्याला उलटी झाली, पुढे दोन दिवस डोकं दुखत होतं. "कोचना सांगू नकोस, बाबांना तर नाहीच," म्हणाला. मी नाही सांगितलं. सोमवारी तो सरावाला गेला.

तो मैदानावर नेमकं काय करतो तेही मला कळत नाही. ढिगाऱ्याच्या तळाशी असतो एवढं दिसतं. साताऱ्याहून सासूबाई दर रविवारी विचारतात, तो काय खेळतो गं? त्यांना काय सांगू? आणि त्याला खेळू द्यावं का?

एक आई

उत्तर

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. एनएफएलचं, वजनाचं, इंजिनिअरिंगचं सगळं बोलू. पण आधी त्या ऑक्टोबरच्या शुक्रवारचं.

धडकाधडकीच्या सामन्यानंतर उलटी आणि दोन दिवस डोकेदुखी ही कन्कशनची, म्हणजे मेंदूला बसलेल्या हादऱ्याची, ठळक लक्षणं आहेत. ते कन्कशनच होतं असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण ते नव्हतं, असं ठरवणं ना त्याच्या हातात होतं, ना तुमच्या. टेक्सासमध्ये 2011 पासून यासाठी कायदा आहे. नुसता संशय आला तरी मुलाला तिथल्या तिथे खेळातून बाहेर काढायचं, डॉक्टरांनी तपासायचं आणि लेखी परवानगी मिळेपर्यंत परत उतरवायचं नाही. असा पहिला कायदा 2009 मध्ये वॉशिंग्टन राज्याने केला, आणि तो एका तेरा वर्षांच्या मुलामुळे केला. डोक्याला मार बसल्यावर तो त्याच सामन्यात परत उतरला होता. तो कायमचा अधू झाला. 2014 पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी असे कायदे केले. पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला तर कोवळा मेंदू सुजून जिवावर बेतू शकतं. सोमवारी तुमचा मुलगा सरावाला गेला तेव्हा हा धोका त्याच्याबरोबर मैदानावर होता.

मुलाने विश्वासाने सांगितलं आणि तुम्ही तो विश्वास राखलात, हे मला कळतं. सोळा वर्षांचा मुलगा आईला काही सांगतो हीच मोठी गोष्ट आहे. तरीही हे गुपित पाळण्यासारखं नाही. याच आठवड्यात त्याला डॉक्टरांकडे न्या आणि काय झालं ते जसंच्या तसं सांगा. झोप, चिडचिड, वाचताना लक्ष न लागणं, उजेडाचा त्रास, यातलं काही तेव्हापासून बदललंय का ते आठवून लिहून न्या. आणि शाळेच्या ॲथलेटिक ट्रेनरना भेटा. हे कोच नव्हेत. हे परवानाधारक आरोग्य कर्मचारी असतात आणि मुलाला बसवून ठेवायचं की नाही हे बघणं हेच त्यांचं काम असतं. मी ओहायोमध्ये बावीस वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून शाळा-कॉलेजच्या खेळाडूंचे गुडघे आणि खांदे हाताळले. त्या वर्षांत मला सगळ्यात जास्त मदत कोणाची झाली असेल तर या ट्रेनर मंडळींची.

आता तो काय करतो ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं काही नीट बोलता येणार नाही.

मी कोल्हापूरची. आमच्या घरात तालीम होती, सख्खे काका पैलवान होते. ओहायोत आल्यावर पहिल्यांदा अमेरिकन फुटबॉलचा सामना पाहिला तेव्हा चेंडू कुठे जातोय तेच मला दिसेना. मग एक दिवस मी चेंडू सोडून दिला आणि मधल्या रेषेवर वाकून बसलेल्या त्या आडदांड पोरांकडे बघायला लागले. तिथे मला कुस्ती दिसली. तुमचा मुलगा एक हात जमिनीला टेकवून बसतो. त्याच्यासमोर विरोधी संघाचे दोघं असतात, बहुतेक वेळा त्याच्याहून जड. चेंडू कधी हलणार हे त्यांना ठाऊक असतं, याला नसतं. त्यामुळे याची नजर चेंडूवर असते आणि तो हलला की पहिलं पाऊल त्यांच्याआधी पडावं लागतं. मग हातांची लढाई. समोरच्याच्या छातीवर आपले पंजे आधी, आतल्या बाजूने बसले पाहिजेत. जो खाली राहतो तो जिंकतो. बुटका पैलवान उंचाच्या पटात शिरतो ना, तसंच. हे सगळं चार-पाच सेकंदांत संपतं, आणि पुढच्या अर्ध्या-पाऊण मिनिटात पुन्हा पहिल्यापासून.

त्याची कामं दोन. प्रतिस्पर्धी चेंडू घेऊन पळणार असेल तर आपली फट सोडायची नाही. फेकणार असेल तर फेकणाऱ्याला, म्हणजे क्वार्टरबॅकला, गाठायचं. गाठून पाडलं तर त्याला सॅक म्हणतात आणि लोक टाळ्या वाजवतात. पण टॅकलचं बरंचसं काम टाळ्यांचं नसतं. त्याने दोघांना स्वतःवर ओढून घेतलं की मागचा मोकळा झालेला सोबती जाऊन गडी पाडतो, आणि फलकावर नाव सोबत्याचं लागतं. तुम्हाला तो ढिगाऱ्याच्या तळाशी दिसतो, कारण ढिगारा त्यानेच थांबवलेला असतो. हे काम त्याला आवडतं यात मला कुठेही बेजबाबदारपणा दिसत नाही. तबला वाजवणाऱ्या मुलाला वेळ साधायची असलेला खेळ आवडावा, यातही नवल नाही.

आता त्याच्या स्वप्नाचं. इथे मी गोड बोलणार नाही.

अमेरिकेत शाळेत फुटबॉल खेळणारी मुलं दहा लाखांच्या घरात आहेत. कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएच्या संघांत त्यातली साधारण 73 हजार पोचतात. दर वर्षी साधारण 16 हजार कॉलेज खेळाडू एनएफएलच्या वार्षिक निवडीला, म्हणजे ड्राफ्टला, पात्र होतात आणि तिच्या सात फेऱ्यांत 250 च्या आसपास नावं पुकारली जातात. पुढे 32 संघ, प्रत्येकात 53 खेळाडू. त्यात डिफेन्सिव्ह लाइनमन नऊ-दहा. म्हणजे अख्ख्या देशात या कामाच्या जागा तीनशेच्या आसपास, आणि त्या दर वर्षी रिकाम्या होत नाहीत.

जागा मिळाली तरी ती टिकत नाही. खेळाडूंच्या संघटनेच्या हिशेबाने एनएफएलमधली सरासरी कारकीर्द 3.3 वर्षांची आहे. पेन्शनला पात्र व्हायला 3 हंगाम लागतात. कितीतरी मुलं त्या उंबरठ्याआधीच घरी परततात. 2025 मध्ये नवख्या खेळाडूचं किमान वार्षिक मानधन 8 लाख 40 हजार डॉलर होतं. हा आकडा तुमच्या मुलाला पाठ असणार. पण ते पूर्ण मिळतं हंगामभर संघात राहणाऱ्याला. उन्हाळ्यातल्या सराव शिबिरात एका संघाकडे 90 जण असतात, ऑगस्टअखेर त्यातले 53 उरतात. वर्तमानपत्रात येणारे कोट्यवधींचे करार बहुतेकदा पूर्ण हमीचे नसतात. हातात पडलेला बोनस आपला, बाकीचा पुढचा पगार संघ तुम्हाला ठेवेल तोवरच. दुखापत झालेल्या लाइनमनच्या जागी दुसरा आणायला संघाला एक आठवडा पुरतो.

त्याच्याकडे याला उत्तरं तयार असतील आणि ती खोटी नसतील. तो ॲरन डोनाल्डचं नाव घेईल. उंची 6 फूट 1 इंच, वजन 280 पौंडांच्या आसपास, या जागेसाठी लहान म्हणून लोकांनी शंका घेतलेला मुलगा. 2014 मध्ये रॅम्स संघाने त्याला तेराव्या क्रमांकावर घेतलं. दहा हंगाम, 111 सॅक, तीनदा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू. मार्च 2024 मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, ऐन भरात असताना तो आपणहून थांबला. तुमचा मुलगा टेक्सासचा, म्हणून जॉन रँडलही सांगेल. टेक्सासमधल्या एका छोट्या कॉलेजातून आलेला, 1990 मध्ये एकाही संघाने न निवडलेला. वजन कमी भरू नये म्हणून कपड्यांखाली साखळी लपवून काट्यावर उभा राहिलेला. पुढे 137.5 सॅक आणि 2010 मध्ये थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये जागा. ही माणसं खरी आहेत. त्याला ती सांगू द्या, मध्येच तोडू नका. मग तुम्ही त्याला दुसऱ्या दोघांची गोष्ट सांगा.

1967 च्या निवडीत पहिलं नाव बब्बा स्मिथचं पुकारलं गेलं. टेक्सासचाच, सहा फूट सात इंच उंचीचा डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे त्याच फळीत कडेला खेळणारा. बाल्टिमोर कोल्ट्सबरोबर त्याने सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला. 1972 च्या एका सराव सामन्यात, खरा हंगाम सुरू व्हायच्या आधी, तो मैदानाच्या कडेच्या खुणेच्या खांबावर आदळला आणि गुडघा गेला. ते अख्खं वर्ष बुडालं, पुढे दोन संघ बदलून 1976 मध्ये खेळ संपला. नंतर तो सिनेमात गाजला. 2011 मध्ये वारला. त्याच्या मेंदूची तपासणी झाली आणि 2016 मध्ये जाहीर झालं की त्याला सीटीई होता. डोक्याला वर्षानुवर्षं बसणाऱ्या धक्क्यांनी मेंदू झिजत जाण्याचा हा आजार.

त्याच निवडीत पंधराव्या क्रमांकावर ॲलन पेज. डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे अगदी तुमच्या मुलाची जागा. कँटन, ओहायोचा. तिथलं हॉल ऑफ फेम बांधलं जात होतं तेव्हा हा पोरगा त्या बांधकामावर कामाला होता, आणि 1988 मध्ये त्याच इमारतीत त्याचा सन्मान झाला. मी ती वास्तू पाहायला गेले तेव्हा ही गोष्ट आठवून दारातच थांबले होते. मिनेसोटा वायकिंग्जकडून खेळताना 1971 मध्ये तो संपूर्ण लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बचावपटूला तो मान तेव्हा पहिल्यांदा मिळाला. आणि खेळता खेळता तो कायदा शिकत होता. 1978 मध्ये मिनेसोटा विद्यापीठाची पदवी हातात आली. त्याच वर्षी वायकिंग्जनी त्याला सोडलं. तो लांब पल्ल्याचं धावायला लागला होता आणि त्याचं वजन त्यांना हवं होतं त्याहून बरंच उतरलं होतं. शिकागो बेअर्सनी घेतलं, तिथे 1981 पर्यंत खेळला. पुढे 1993 ते 2015 तो मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होता.

हे मी "शीक, मग खेळ" म्हणून सांगत नाही. ॲलन पेजने खेळ कमी केला नाही, तो सर्वोत्तम होता. पण ज्या वर्षी संघाने हात काढून घेतला त्या वर्षी पदवी त्याच्याकडे होती. माझं म्हणणं एवढंच आहे ताई, की या धंद्यात शेवटचा दिवस बहुतेकांना स्वतः ठरवता येत नाही. तो गुडघा ठरवतो, नवा कोच ठरवतो, नाहीतर मैदानाकडेचा एखादा खांब. डोनाल्डसारखे आपल्या पायांनी बाहेर पडलेले फार थोडे. म्हणून तुमच्या घरात भांडण "होणार की नाही" यावर आहे ते मला चुकीच्या जागी अडकलेलं वाटतं. ते उत्तर ना बाबांकडे आहे, ना मुलाकडे. तुमच्या हातात आहे ते हे, की खेळ कुठल्याही वर्षी थांबला तरी त्याच्याकडे धड डोकं, धड गुडघे आणि एक पदवी असावी.

आता वजन. तुमची धास्ती रास्त आहे. अमेरिकन सरकारच्या नायॉश या संस्थेने 1959 ते 1988 या काळातल्या एनएफएल खेळाडूंचा पाठपुरावा केला, त्याचे निष्कर्ष 2012 मध्ये आले. एकूण पाहता हे खेळाडू सर्वसाधारण अमेरिकन पुरुषांपेक्षा जास्त जगले. पण डिफेन्सिव्ह लाइनमन वेगळे निघाले. त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वसाधारण पुरुषांपेक्षा 42 टक्क्यांनी जास्त होते. या जागेवरच्या सर्वात थोर खेळाडूंपैकी एक, रेगी व्हाइट, 198 सॅकचा धनी, 2004 मध्ये हृदयाची लय बिघडून गेला तेव्हा 43 वर्षांचा होता.

त्यात आपलं रक्त. आपल्या दक्षिण आशियाई लोकांना मधुमेह आणि हृदयविकार गोऱ्यांपेक्षा लवकर आणि कमी वजनावर गाठतात. तुमच्या घरात दोन पिढ्यांत ते दिसलंच आहे. त्यामुळे कोचच्या 280 ला तुमच्या मुलाच्या बाबतीत मी "हो" म्हणणार नाही, निदान आत्ता तरी नाही. आधी डॉक्टरांना विचारून उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब तपासा. तो घोरतो का, झोपेत श्वास अडकतो का, याकडे लक्ष द्या. जाड मानेच्या या मुलांत हे फार सापडतं. आकडे ठीक असतील तर ताकद वाढवू द्या, वजन तिच्यामागून जे वाढेल ते वाढू दे. रात्री अकराला पिझ्झा आणि वजन वाढवणाऱ्या पावडरींचे डबे हा मार्ग नको. विद्यापीठाचे आहारतज्ज्ञ हे काम शाळेच्या कोचपेक्षा चांगलं करतील, आणि त्याला अजून दोन वर्षं आहेत.

माझ्या काकांचं सांगते. आखाडा सुटला तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. जोर-बैठका थांबल्या, खुराक थांबला नाही. दूध, तूप, बदाम, मटण सगळं पैलवानाचंच, आणि काम दुकानात गल्ल्यावर बसायचं. चाळिशीत साखर निघाली. पन्नाशीत जिना चढता येईना. ज्यांना मी लहानपणी दोन पोरं खांद्यावर घेऊन पळताना पाहिलं, त्यांना मी हाताला धरून न्हाणीघरापर्यंत नेलं आहे. म्हणून मुलाशी वजन वाढवण्याचं बोलाल त्याच दिवशी ते उतरवण्याचंही बोला. ज्या दिवशी खेळ थांबेल त्या दिवसापासून ताट बदलायचं, हे त्याला आजपासून माहीत असू दे.

डोक्याचं दूरचं गणित जास्त कठीण आहे, कारण तिथे तपासून धीर देता येत नाही. सीटीईचं निश्चित निदान आजही मृत्यूनंतरच होतं. बॉस्टन विद्यापीठाने 2023 मध्ये सांगितलं की त्यांनी तपासलेल्या 376 माजी एनएफएल खेळाडूंच्या मेंदूंपैकी 345 मध्ये सीटीई सापडला. हा आकडा वाचून घाबरून जाऊ नका, तो सगळ्या खेळाडूंचा नाही. ज्यांच्या घरच्यांना काही बिनसल्याची शंका होती असे मेंदू तिथे जास्त येतात. पण त्याच संशोधकांचा 2019 चा निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचा वाटतो. फुटबॉल खेळलेल्या प्रत्येक वर्षामागे सीटीईची शक्यता साधारण 30 टक्क्यांनी वाढत जाते. म्हणजे एका मोठ्या माराइतकीच, किंवा त्याहून जास्त, गिनती वर्षांची आणि छोट्या छोट्या धक्क्यांची आहे. लाइनमनला तो धक्का जवळजवळ प्रत्येक डावाला बसतो, चक्कर न येता, कोणाला न दिसता.

यातून पळवाट मला माहीत नाही, आणि जी कोणी सांगेल तिच्यावर माझा विश्वास नाही. 2022 पासून एनएफएलने सराव शिबिरात लाइनमनना हेल्मेटवर जाड मऊ आवरण सक्तीचं केलं. चांगलं आहे, पण त्याने सीटीई टळतो असं समजू नका. धक्के कमी करायचा खात्रीचा मार्ग म्हणजे कमी वेळा धडकणं. आठवड्यातून पूर्ण टक्करीचा सराव किती होतो हे कोचना विचारा. तुमच्या मुलाने नववीपासून सुरुवात केली, सातव्या-आठव्या वर्षी नाही, हे त्याच्या बाजूने आहे. ही कुस्ती आहे असं मी वर म्हटलं, तर तंत्रही तसंच शिकवलं पाहिजे. हात आधी, डोकं बाजूला. जो कोच डोक्याने धडकायला शिकवतो त्याच्याकडे मुलगा ठेवू नका, तो कितीही जिंकत असला तरी.

तुमच्या यजमानांना मला वेगळं सांगायचंय. भाऊ, तुम्ही घाबरलात ते बरोबर आहे आणि तुमच्या भीतीला आकडे आहेत, ते मी वर दिलेत. पण "बंद" म्हणून तुम्ही त्याच्या लेखी फक्त समोरच्या संघात गेलात. आता डोकं दुखलं की तो तुमच्यापासूनच लपवणार. ॲरन डोनाल्डचे वडील घराच्या तळघरात केलेल्या व्यायामशाळेत त्याच्याबरोबर पहाटे साडेचारला उठून व्यायाम करायचे. तुम्ही पहाटे उठा असं मी म्हणत नाही. पण एका संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून त्याच्या सामन्याचा व्हिडिओ बघा आणि विचारा, इथे तू डावीकडे का गेलास? तो तासभर बोलेल. इंजिनिअरिंगचा विषय निघालाच तर एन्डामुकाँग सू हे नाव घ्या. वडील कॅमेरूनहून आलेले, आई जमैकाची, शिक्षिका. मुलगा डिफेन्सिव्ह टॅकल. नेब्रास्का विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बांधकाम व्यवस्थापनाची पदवी, 2010 मध्ये देशात दुसऱ्या क्रमांकाची निवड, आणि विद्यापीठाला दिलेल्या देणगीतले 6 लाख डॉलर इंजिनिअरिंगच्या शिष्यवृत्तीसाठी. परदेशातून आलेल्या आईबापांच्या घरात या दोन गोष्टी एकत्र नांदल्या आहेत.

आता खेळू द्यावं का? माझं उत्तर, हो, पण एकेका वर्षाचं. डॉक्टरांनी मोकळं केलं तर बारावीचा हंगाम खेळू दे. एक अट त्याच्याशी आधीच ठरवा, तिघांनी मिळून: डोक्याचं काहीही लपवलं तर तो हंगाम तिथेच संपला. आणि दुसऱ्यांदा असा हादरा बसला तर डॉक्टरांसोबत बसून हा खेळ चालू ठेवायचा का, हा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून काढायचा. तो रडेल, ओरडेल. तरीही.

शिष्यवृत्तीबद्दल विद्यापीठाला लेखी विचारा. पूर्ण आहे की अर्धी? लहान विद्यापीठांत ती अनेकदा वाटून देतात. चार वर्षांची की दर वर्षी नव्याने ठरणारी? जखमी होऊन खेळणं सुटलं तर राहील का? शस्त्रक्रियेचा आणि नंतरच्या उपचारांचा खर्च कोणाचा, आणि पदवीनंतर किती महिने? इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळा दुपारी असतात आणि सरावही दुपारी असतो. त्यांच्या संघातले किती लाइनमन खरंच इंजिनिअरिंग करतायत, आणि त्यातल्या एकाशी आमच्या मुलाला फोनवर बोलता येईल का? फुटबॉल नसता तरी ज्या विद्यापीठात तुम्ही त्याला आनंदाने पाठवलं असतं, तेच घ्या. दुसरं कितीही मोठं स्टेडियम दाखवू दे.

सासूबाईंना काय सांगायचं विचारलंत. त्या साताऱ्याच्या आहेत, त्यांना कुस्ती मी सांगायला नको. पुढच्या रविवारी फोन मुलाच्या हातात द्या आणि त्यालाच सांगू द्या की आजी, दोन गडी अंगावर घेऊन मी वाट अडवून धरतो. त्या विचारतील, लागत नाही का रे बाळा? त्याने काय उत्तर दिलं ते कान देऊन ऐका. फक्त त्याआधी, शक्य असेल तर आज रात्रीच, मुलाला सांगून आणि त्याला शेजारी बसवून, तो ऑक्टोबरचा शुक्रवार त्याच्या बाबांना सांगा.